रेमीचा कोपरा

केझाया रेमीला मी ओळखत होतो ते टॅमरची आई म्हणून. टॅमरचा थोरला मुलगा माझ्या शाळेत येई. शाळा म्हणजे ओंडक्यांची एक खोली आणि एक चूल. हिवाळ्यात मी शिकवायचो, आणि उरलेल्या दिवसांत काउंटीच्या कोर्टाला लिहायला माणूस लागला की ते मला बोलवायचे. माझं अक्षर चांगलं होतं, एवढीच माझी लायकी. सगळे मला किम्ब्रो मास्तर म्हणत.

त्या काळी केंटकीत जमिनीचे कागद उदंड होते. एकाच टेकडीवर चौघांचे कागद, आणि चारही खरे. शेजारच्या जमिनीची हद्द कुठून सुरू होते? अमक्या पांढऱ्या ओकपासून. तो ओक कुठाय? तोडला, नाहीतर जळाला. मग कोर्टाने पंच नेमायचे, कोर्टाच्या दारावर तीन आठवडे नोटीस लावायची, आणि ठरल्या दिवशी पंच, साक्षीदार, शेजारीपाजारी सगळ्यांनी त्या जागेवर जायचं. जुन्या माणसाने शपथ घेऊन बोट दाखवायचं, मी ते लिहून घ्यायचं, पंचांनी नवी खूण करायची. म्हातारी माणसं मरत चालली होती, म्हणून कोर्टाला घाई होती. इथल्या मूळच्या ज्या शॉनी लोकांनी ही जमीन आमच्याआधी पाहिली होती, त्यांना कुठे बोट दाखवा म्हणून कोणी बोलावलं नाही. त्यांची हद्द आमच्या एकाही वहीत नव्हती.

केझायाचा नवरा अ‍ॅब्सलम याच लोकांच्या हातून मेला. सतराशे ऐंशीचा मार्च. सगळी वस्ती तेव्हा किल्ल्यात राहायची. अ‍ॅब्सलम खाऱ्या ओढ्यावर लाकूड तोडायला गेला तो परत आला नाही. तिसऱ्या दिवशी किल्ल्यातले चार पुरुष शोधायला निघाले, आणि सहा वर्षांच्या टॅमरला दुसऱ्या बाईकडे सोपवून केझायाही त्यांच्याबरोबर गेली. एका मोठ्या पांढऱ्या ओकखाली तो पडला होता. तिथेच त्याला पुरलं. दोन महिन्यांनी मोजणीवाला आला, आणि सगळ्यांना ठाऊक असलेली जागा म्हणून त्याने तेच झाड धरलं. कागदावर लिहिलं : ‘खाऱ्या ओढ्याच्या पूर्वेला, जिथे रेमी मारला गेला व पुरला आहे, त्या पांढऱ्या ओकपासून सुरू करून ओढ्याच्या उताराने खाली आठशे एकर.’

तो कागद फिरत फिरत मेजर टोलकडे आला. मेजर व्हर्जिनियाचा, शांत, कधी आवाज न चढवणारा. अठराशे एक साली त्याने कोर्टात अर्ज केला की माझा कोपरा कायम करून द्या.

आता इथे जागा समजून घ्या. खाऱ्या ओढ्याला दोन ओहोळ मिळतात, एक वर, एक खाली. मध्ये अर्ध्या मैलाचं अंतर. या अर्ध्या मैलात टॅमरचा नवरा लुईस प्रॅथर याची एकशेदहा एकर जमीन. नऊ वर्षं झाडं तोडून, बुंधे जाळून त्याने ती मक्याखाली आणली होती. त्याने ती विकत घेतली होती, पण त्याचा कागद मेजरच्या कागदाच्या मागचा. म्हणजे रेमीचं झाड वरच्या ओहोळापाशी असेल, तर मेजरची जमीन तिथून खाली येते आणि लुईसचं घर, शेत, विहीर सगळं गिळते. झाड खालच्या ओहोळापाशी असेल, तर मेजरची जमीन लुईसच्या कुंपणापलीकडून सुरू होते, आणि लुईसला कोणी हात लावू शकत नाही.

झाड राहिलं नव्हतं. अठ्ठ्याऐंशी साली वणवा लागला, त्यात ओढ्याकाठचा सगळा पट्टा गेला. जळके बुंधे मात्र दोन्ही ओहोळांपाशी ढिगाने. पुरायला गेलेले चारही पुरुष मेले किंवा मिसूरीकडे गेले होते. राहिली ती केझाया.

नोटीस लागली त्या आठवड्यात लुईस शाळेत आला आणि बाकावर बसून राहिला. मी विचारलं, सासूबाई काय म्हणतात? तो म्हणाला, काहीच नाही. विचारलं की म्हणते, शपथ घेतल्यावर सांगेन. मग म्हणाला, “मास्तर, ही जमीन घे घे म्हणून माझ्या मागे तीच लागली होती. मी मिलजवळची बघत होतो. म्हणाली, इथेच घे. तेव्हा मला कळलं नाही का ते.”

मला तेव्हाच कळायला हवं होतं, आणि कळलंही. नवऱ्याच्या जवळ राहायचं म्हणून बाईने जावयाला तिथे जमीन घ्यायला लावली असेल, तर नवरा जवळच असणार, आणि लुईसचं घर वरच्या ओहोळाच्या अंगाला होतं. लुईसनेही तोच हिशोब केला होता.

ऑक्टोबरच्या बावीस तारखेला आम्ही जमलो. पंच दोन. बोलायचा तो एलायशा गॉफ, गिरणीवाला, कानाने थोडा जड. मेजर टोल घोड्यावरून आला. बरोबर त्याचा गुलाम मिंगो, खांद्यावर कुदळ आणि फावडं. शेजारी वीसेक. पानं गळून गुडघाभर साचली होती.

केझाया पुढे चालली. चौपन्न वर्षांची, बारीक, पाठ सरळ. वरच्या ओहोळाकडे वळेल असं मला वाटत होतं. ती खाली वळली. लुईसच्या कुंपणाला वळसा घालून, खालच्या ओहोळाच्या पलीकडे, एका जळक्या बुंध्यापाशी थांबली.

गॉफने तिला शपथ दिली. ती हळू बोलली, पण स्पष्ट : “माझा नवरा अ‍ॅब्सलम रेमी इथे पुरलेला आहे.”

गॉफने विचारलं, जमिनीवरून ओळखलंत का, काकू? ती म्हणाली, नवरा कुठे पुरलाय ते बायको विसरत नसते.

मेजर घोड्यावरून उतरला. टोपी काढून तिला म्हणाला, “काकू, तुम्हाला दुखवायचं नाही. पण माझ्या कागदात ‘पुरला आहे’ असं आहे. तर खणून बघू या. सापडला तर माझं काहीच म्हणणं नाही.”

लोकांत कुजबूज झाली. मेलेल्या माणसाला उकरायचं म्हणजे काय! गॉफही नको म्हणत होता. केझायाच म्हणाली, “खणा. त्याची डावी मांडी लहानपणी मोडलेली होती, वाकडी बसली होती. ती बघा.”

मिंगोने पानं सारली आणि कुदळ घातली. मी वही घेऊन अगदी कडेला उभा होतो. खणणाऱ्या माणसाचा आवाज मला ठाऊक आहे. वीस वर्षं न हललेल्या जमिनीत, मुळांच्या जाळ्यात कुदळ घातली की माणूस हुंकारतो. मिंगो हुंकारला नाही. दुसऱ्या घावानंतर त्याने कुदळ ठेवून फावडं घेतलं. क्षणभर मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली बघत माती काढू लागला. त्याला कोणी काही विचारलं नाही. गुलामाची साक्ष कोर्टात चालत नव्हती, मग विचारायचं कशाला?

अडीच हातांवर हाडं लागली. आधी कवटी, कानामागे खोल घाव. मग मांडीचं हाड, मधोमध वाकडं, जाड गाठ आलेलं. गॉफने ते हातात घेतलं आणि सगळ्यांना दाखवलं. लुईसने टोपी काढली. टॅमर रडायला लागली. बाप तिला नीट आठवत नव्हता, तो असा समोर आला.

खड्डा तीन हातांपेक्षा लांब नव्हता. मेजर म्हणाला, एवढ्याशा जागेत पुरुषमाणूस? केझाया म्हणाली, जमीन गोठलेली, आमच्याकडे एक कुदळ, आणि जंगलात ते लोक. दुमडून ठेवला. मेजरने मान हलवली. त्याने युद्ध पाहिलं होतं, त्याला ते पटलं.

मी वाकून बघत होतो. हातापायांची बारीक हाडं नव्हती. बरगड्या मांड्यांखाली होत्या. आणि एका बरगडीला सुताचा धागा चिकटला होता, जाडाभरडा, आमच्याकडे पीठ भरायच्या पिशव्या विणतात तसला, पांढरा, नवा. वीस वर्षांत कापडाची माती होते. मी पाहिलं, आणि वहीवरची शाई टिपायची वाळू झटकतोय असं दाखवून पायाने थोडी माती खाली लोटली.

का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. कोणाची बाजू घ्यायची असं मी ठरवलं नव्हतं. टॅमरचा थोरला कुंपणावर बसून आईकडे बघत होता, तेवढं आठवतं.

मग मी जबानी लिहिली. असल्या जबान्या मी शंभर लिहिल्या होत्या, मजकूर ठरलेला. मी लिहिलं : ‘साक्षीदार शपथेवर सांगते की तिचा नवरा याच जागी मारला गेला व याच जागी पुरला गेला, आणि वर्णनातील पांढरा ओक हाच.’ वाचून दाखवलं. केझाया मध्येच म्हणाली, पुन्हा वाचा. मी पुन्हा वाचलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मग लेखणी घेतली आणि सहीच्या जागी फुली काढली. हाडं परत ठेवली, माती लोटली, वर दगड रोवला, शेजारच्या हिकरीच्या झाडावर पंचांनी आपली अक्षरं कोरली. मेजर म्हणाल्याप्रमाणे गेला. पुढे त्याने कधी तक्रार केली नाही.

सात वर्षं बरी गेली. लुईसने दोन खोल्या वाढवल्या. टॅमरला आणखी दोन मुलं झाली, एक गेलं. केझाया रविवारी जेवणानंतर बाहेर जायची. लोक म्हणत, कोपऱ्यावर जाते. मी एकदा पाहिलं, ती खाली जात नव्हती. वर जात होती, वरच्या ओहोळाकडे, एका खडकापाशी. मी ओळख न दाखवता परत फिरलो.

अठराशे आठच्या हिवाळ्यात फिलाडेल्फियाहून एक वकील आला. तिथल्या एका व्यापाऱ्याच्या वारसांकडे ऐंशी सालचाच, म्हणजे लुईसच्या आधीचा एक कागद निघाला होता. त्यांनी तीस वर्षांत ती जमीन पाहिलीही नव्हती. ओढ्याच्या वरच्या अंगाला सगळं रान, तिथे कोण भांडणार? कागदात लिहिलं होतं : ‘रेमीच्या कोपऱ्यापासून सुरू करून ओढ्याच्या चढाने वर हजार एकर.’

वकिलाने कोर्टात जाऊन आमची वही उघडली. कोपरा कुठे ते पंचांनी ठरवलेलं, साक्षीदाराची फुली, हाडांची नोंद. त्याला काही सिद्ध करायचं उरलंच नव्हतं. खालच्या ओहोळापासून वर मोजलं, की पहिल्या अर्ध्या मैलात लुईसचं घर.

दोन दिवसांनी भर दुपारी केझाया शाळेत आली. मुलं जेवायला गेली होती. ती उभीच राहिली.

“मास्तर, ते पान फाडा.”

मी म्हटलं, वही माझ्याकडे नाही, कोर्टात आहे. आणि फाडलं तरी नक्कल वकिलाकडे गेली.

“मग मी येते आणि खरं सांगते.”

“काय सांगाल, काकू?”

“की मी त्याला हलवला. तीन पहाटा लागल्या. पिठाच्या पिशवीत घालून आणला. दोन खेपा कराव्या लागल्या.” तिने हे जसं एखादी बाई कपडे कुठे वाळत घातले ते सांगते तसं सांगितलं. “बारीक हाडं राहिली तिकडेच. मातीत सापडेनात.”

मी म्हटलं, मला माहीत आहे.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग बाकावर बसली. म्हणाली, “मी खोटं बोलले नव्हते. पुरलेला आहे म्हणाले, आणि होता. इथे मारला गेला, असं मी म्हणाले नव्हते. ते तुम्ही लिहिलंत.”

“हो. मी लिहिलं.”

“दोनदा वाचायला लावलं तुम्हाला. वाटलं, समजेल. खोडाल.”

मला वाटलं होतं मी तिला वाचवतोय. मी फक्त तिच्या खऱ्याला खोटं केलं, आणि खाली तिची फुली घेतली.

पुढचं मला तिला समजावून सांगावं लागलं. ते सांगणं माझ्या आयुष्यातलं सर्वांत वाईट काम. कोपरा खाली राहिला, तर लुईसची जमीन फिलाडेल्फियाच्या लोकांची. तिने कोर्टात खरं सांगितलं आणि कोपरा वर गेला, तर ती मेजर टोलची. शिवाय खोट्या शपथेबद्दल तिला शिक्षा. एक उताराने येतो, एक चढाने येतो, लुईस मध्ये. दोन्ही बाजूंनी जमीन जाते.

तिने बोटांनी बाकावर रेघ ओढून पाहिली. वर, खाली. पुन्हा. मग विचारलं, “म्हणजे मी त्याला उकरला नसता, तरी?”

“तरी मेजरकडे गेली असती.”

“म्हणजे उगाच.”

ती उठली आणि गेली. कोर्टात ती कधीच आली नाही.

लुईसने वकील केला, वर्षभर लढला, हरला. अठराशे नऊच्या नोव्हेंबरात कोर्टाचा हुकूम घेऊन शेरीफ आला. चांगला माणूस होता. त्याने सामान गाडीत चढवायला हात लावला, टॅमरच्या चरख्याचं चाक मोडू नये म्हणून स्वतः धरून नेलं. लुईसने ओहायो नदीपलीकडे, इंडियानात जायचं ठरवलं. तिथे सरकार स्वतः मोजून, चौकोन पाडून जमीन विकतं, असं तो ऐकून होता.

जायच्या आधी केझाया एकदाच काही मागायला म्हणून कोणाच्या दारात गेली. मेजर टोलच्या. मी बरोबर होतो. तिने विचारलं, माझ्या माणसाला घेऊन जाऊ का? मेजरने तिला खुर्ची दिली, सफरचंदाची दारू पुढे केली. मग म्हणाला, “काकू, माझा जीव तुटतो. पण ती आता थडग्याची जागा नाही, हद्द आहे. खाली मी, वर ते. आज हाडं काढली, तर उद्या कोणीही म्हणेल कोपरा हलवलाय. कायद्याने हद्दीची खूण हलवणं गुन्हा आहे.”

ती म्हणाली, “माहीत आहे मला.”

परतताना अंगणात मिंगो लाकूड फोडत होता. तो म्हातारा झाला होता. केझाया त्याच्यापाशी थांबली. मी जरा मागे होतो. ती म्हणाली, तू गप्प बसलास. तो म्हणाला, “मला कोणी विचारलंच नाही, बाई. आणि माझी बायको सत्त्याण्णव साली टेनेसीत विकली. कुठे आहे कोणाला ठाऊक. तुमचा जिथे आहे तिथे आहे, एवढं तरी कळतं.” आणि कुऱ्हाड उचलून पुन्हा कामाला लागला.

टॅमरची मंडळी गेली. केझाया गेली नाही. टॅमरने पाय धरले, रागावली, शेवटी बोलायची थांबली. बापाची हाडं कुठून कुठे गेली ते तिला कधीच कोणी सांगितलं नाही. तिला वाटलं, म्हातारी थडग्याला चिकटून राहतेय. केझाया गॉफच्या घरी सूत कातून, कण्या रांधून राहिली. रविवारी अजून वरच्या ओहोळावर जायची, पण आता तिथे कुंपण होतं. ती कुंपणाच्या अलीकडे उभी राहायची. मी एकदा विचारलं, खाली का जात नाही? म्हणाली, “इथे तो पडला. इथे मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तिकडे नुसतं मी नेऊन ठेवलंय.”

अठराशे बाराच्या फेब्रुवारीत तापाने ती गेली. आठ दिवस गोठलेली जमीन कुदळीला ऐकत नव्हती. तोवर तिला गॉफच्या गोठ्यात फळीवर ठेवलं होतं. मग गिरणीमागच्या दफनभूमीत पुरली. कोपऱ्याजवळ पुरावं असं मी गॉफला म्हणून पाहिलं. तो म्हणाला, हद्दीपाशी आणखी एक थडगं नको, मास्तर, आधीच पुरे झालंय.

मी टॅमरला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. पत्र पोचलं की नाही, ठाऊक नाही.

आता मी सत्तरीचा आहे. ती वही कोर्टात आहे, पान मळून कडा गेल्या आहेत. खाऱ्या ओढ्यावर कोणीही काही विकलं, वाटणी केली, की सगळ्यांची मोजणी त्या पानापासून निघते. एकोणीस कुटुंबं, दोन चर्च आणि एक रस्ता त्या दगडावर उभे आहेत. गेल्या वसंतात एक नवा मोजणीवाला माझ्याकडे आला. व्यवस्थित माणूस. त्याच्या होकायंत्राने जुने आकडे जुळत नव्हते, अर्ध्या मैलाचा घोळ येत होता. म्हणाला, त्या दिवशी हजर असलेले तुम्ही एकटेच उरलात. कोपरा बरोबर आहे ना?

मी म्हणालो, लिहिलंय तसंच आहे.

त्याने आभार मानले, नाव लिहून घेतलं आणि मोजणीची साखळी उचलून ओढ्याकडे गेला.